उसन्या ताटांचं जेवण

मस्कतमधल्या हमरिया भागातल्या त्या इमारतीत अमीरुन्निसाच्या हातचं न जेवलेला माणूस दाखवा आणि हजार रुपये मिळवा, असा एक काळ होता. खाली शिंप्याचं दुकान, वर चार मजले, आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागूनच तिचं दोन खोल्यांचं घर. जिना चढणाऱ्याला तिच्या दारावरून गेल्याशिवाय गत्यंतर नसे, आणि दारावरून गेला की सुटका नसे. गॅसची टाकी आणणारा पठाण असो की वीजबिलाचा माणूस असो, त्याला ती दारातच अडवायची. "एक घावन खाऊन जा. गरम हाय." नको म्हणणाऱ्याशी ती भांडायची. तिच्या माहेरी, रत्नागिरीच्या खाडीकाठी, उपाशी गेलेला पाहुणा घराची बरकत घेऊन जातो असं म्हणत, आणि अमीरुन्निसाला बरकतीची फार काळजी.

पण तेलाचे भाव पडले आणि मस्कतची हवाच बदलली. तिचा नवरा सादिक गाला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होता. एसी दुरुस्तीत त्याचा हात कुणी धरत नसे. अर्बाब, म्हणजे तिथला मालक, माणूस वाईट नव्हता हो! पगार मागितला की खांद्यावर हात ठेवायचा, कावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजायचा, वर खजूर द्यायचा आणि म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." बुकरा म्हणजे उद्या. त्या उद्याची वाट बघताबघता वर्ष उलटलं. पगार निम्मा झाला, आणि तो निम्मासुद्धा आला तर आला.

हिबा नववीत होती. शाळेची फी तटली होती. एप्रिलच्या आत ती भरली नाही तर हिबाचं नाव कमी होणार, आणि नाव कमी झालं की मायलेकींनी गावी जायचं, सादिकनं गालाच्या कामगारांच्या खोलीत एक खाट धरायची, हे नवराबायकोनं ठरवून टाकलं होतं. ठरवलं खरं, पण त्या रात्रीपासून अमीरुन्निसाच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं तिनं नवरा फोनवरच ऐकला होता. पुन्हा तसं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तेव्हा चौथ्या मजल्यावरची सुरेखा धावत आली. सुरेखा डोंबिवलीची, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्याचा गोळा. तिनं बातमी आणली की इथल्या काही मराठी मंडळींनी मिळून एक मदतनिधी काढलाय, गरजू मुलांची फी भरतात. अर्ज तिनंच भरला, हिबाचा फोटो तिनंच चिकटवला. अट एकच होती. निधीची दोन माणसं घरी येणार, राहणीमान बघणार, आणि मग ठरवणार की हे घर गरीब आहे की नाही.

"बघणार म्हणजे काय बघणार गो?" अमीरुन्निसानं विचारलं.

"सगळं बघतात. मार्क देतात. एसी, गाडी, टीव्ही, वॉशिंग मशीन. जास्त वस्तू दिसल्या की संपलं. म्हणून सांगते, नीट ऐक. पडदे काढून ठेव. टीव्हीवर चादर टाक. तो जरीचा ड्रेस घालू नकोस. आणि काळा चहा दे, सोबत दोन बिस्किटं. बास! त्यापुढे हात गेला तर तुझा हात मी मोडीन."

"बरं," अमीरुन्निसा म्हणाली.

हिबा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. मस्कतमध्येच वाढलेली पोरगी, मराठी बोलायची म्हणजे दगडावरून पाय टाकत ओढा ओलांडायची तशी. ती म्हणाली, "अम्मी, आमच्या बुकमध्ये पॉव्हर्टी लाइनचा चॅप्टर आहे. माणूस रोज इतक्या कॅलरी खातो तर तो पुअर नाही."

"मग?"

"मग आपण पुअर नाही. तू खूप खायला घालतेस."

सुरेखानं कपाळावर हात मारला. "हे पाहुण्यांसमोर बोलू नकोस हं, माझी आई."

सादिकचं वेगळंच. तो म्हणाला, मशिदीत जकातीचा, म्हणजे दानधर्माचा, हिशोब सांगतात, त्यात आपण देणाऱ्यांत बसत नाही. पण घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायलाही पाय उचलत नाही. आता तुम्हीच सांगा, ज्या शहरात झाडूवाल्याच्या खोलीतही एसी असतो, तिथं गरीब कुणाला म्हणायचं? उपाशी कुणी नव्हतं, उघडं कुणी नव्हतं. तरी रात्री सगळे जागे असायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं दुसरा झोपलाय.

तर शुक्रवार उजाडला. मंडळी जुम्म्याच्या नमाजानंतर येणार होती. सकाळी अमीरुन्निसानं पडदे काढले, टीव्हीवर चादर टाकली, जुना ड्रेस घातला, काळ्या चहाचं आधण मोजून ठेवलं. बिस्किटं बशीत काढली. काढली आणि त्या बशीकडे बघत उभी राहिली. लांबून, उन्हातून, सुट्टीच्या दिवशी माणसं आपल्या दारात येणार, आणि आपण त्यांच्यापुढे ही दोन बिस्किटं सरकवणार! तिचे अब्बा असते तर त्यांनी तोंड फिरवलं असतं.

"नुसती सांदणं करते," तिनं सादिकला सांगितलं. "घरात तांदूळ हाय, नारळ हाय. त्यात काय श्रीमंती?"

तांदळाची गोड सांदणं वाफेवर चढली. आता नुसतं गोड कसं द्यायचं? सादिक मत्र्याच्या मासळीबाजारात गेला, आणि बाजार उठताना कोळी ढिगानं देतात ते बांगडे घेऊन आला. बांगडे तळायचे तर भाकऱ्या हव्यात. भाकरी आली की कालवण आलं. कालवण म्हटल्यावर भात. दहा वाजेपर्यंत तिच्या हाताला असा वेग आला की विचारू नका. कितीतरी महिन्यांनी घरात पाहुणा येणार होता! ती गुणगुणत होती. आपल्याला गरीब दिसायचं आहे हे तिच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

वास चौथ्या मजल्यापर्यंत पोचला आणि सुरेखा चपला फटफटवत खाली आली. "अगं बाई! तू आज गरीब आहेस ना गं?"

"हाय की. पण पाहुणे नाय ना गरीब!"

"हात दाखवून अवलक्षण! हिला सांगून काही उपयोग नाही." सुरेखा भांडली, चिडली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओरडली, आणि मग विचारलं, "वाढणार कशात?"

रॅकवर मेलामाइनची तीन ताटं होती. त्यातल्या एकाचा टवका उडालेला.

सुरेखा वर गेली आणि स्टीलची सहा ताटं, वाट्या घेऊन आली. पेले आणि पाण्याचा जग तिसऱ्या मजल्यावरच्या कृष्णकांत आणि रेखाकडून आणले. पडदे पुन्हा लागले, कारण उन्हानं पाहुण्यांचे डोळे दिपले असते. टीव्हीवरची चादर सतरंजीवर अंथरायला लागली, म्हणून टीव्ही उघडा पडला. आणि जुन्या ड्रेसवर कालवणाचा डाग पडला, तेव्हा जरीचा घालण्यावाचून इलाज उरला नाही. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, दुसरं काय!

दोघं आली. जयप्रकाश बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याचे, टापटीप, खिशाला पेन. किशोरीताई चाळिशीच्या, बॉबकट, चालणं झपझप, बोलणं त्याहून झपझप. दारातच जयप्रकाशांनी नाक वर करून वास घेतला आणि क्षणभर पेन विसरले.

"आम्ही फक्त पाच मिनिटं," ते म्हणाले.

"पाच मिंटं कशी? हात धुवा," अमीरुन्निसा म्हणाली.

मग काय, बसले जेवायला. जयप्रकाशांनी पहिला घास घेतला, आणि नंतर बराच वेळ ते फक्त भाकरी मागायला तोंड उघडत होते. मध्येच कर्तव्याची आठवण झाली. "सादिकभाई, एसी कधी घेतलात?"

इथं सादिकनं सांगायला हवं होतं की गालाच्या भंगारातून कॉम्प्रेसर उचलला, पंखा दुसऱ्याचा, खोका तिसऱ्याचा, आणि सगळं स्वतः जोडलं. पण कारागिराला त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो नम्र राहत नाही. सादिकची छाती फुगली. "दोन टनाचा हाय साहेब! फाइव्ह स्टारमदी असा गारवा मिळायचा नाय. जवळ बसा, जवळ बसा."

जयप्रकाशांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

"गाडी?"

"खाली पिकप हाय." पिकप वर्कशॉपचा होता आणि उद्या परत करायचा होता, हे सादिकच्या ओठांवर आलं. पण पाहुण्यांसमोर रडगाणं गायचं कसं? तेही लिहिलं गेलं.

दाराशी उभ्या अमीरुन्निसाला आता घाम फुटला. दोन टनाचा गारवा असून घाम! तिला कळत होतं की घर हातातून चाललंय, सादिक गालाला चाललाय, हिबा गावी चाललीय. तिनं पुढं होऊन सांगायचं ठरवलं की साहेब, हे सगळं खोटं हाय, आमी लई तंगीत हाव. तिनं तोंड उघडलं. जयप्रकाशांचं ताट रिकामं दिसलं. तोंडातून निघालं, "अजून एक बांगडा घ्या ना, लाजताव कशाला?"

ती स्वतःवर इतकी चिडली की तिनं तिसऱ्या बांगड्याबरोबर चौथाही वाढला.

किशोरीताईंनी मात्र वाटीतलं कालवण संपवलं आणि वाटीच्या तळाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पेला उचलला, फिरवला, खाली ठेवला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत. लग्न, मुंज, बारसं, काहीही असो, दुकानदार यंत्र घेऊन करकर करत नाव कोरून देतो, आणि मग जन्मभर ते नाव आपल्याला दिसत नाही. अमीरुन्निसालाही दिसलं नव्हतं. ती उर्दू शाळेत शिकलेली, आणि सुरेखाची भांडी तिनं इतक्या वेळा घासली होती की त्यावर काही लिहिलेलं असतं हेच ती विसरली होती. सादिकनं बघितलं नाही, आणि जयप्रकाशांना अन्नापलीकडे काही दिसत नव्हतं. ते 'चि. सौ. कां. रेखा व कृष्णकांत यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ' अशा पेल्यातून घटाघट पाणी पीत होते.

जेवण झालं. किशोरीताईंनी सगळी ताटं एकावर एक रचली आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या.

"ताई, नाय नाय! ठेवा ते!" अमीरुन्निसा मागे धावली. ताटांची ओढाताण झाली. एकीनं या बाजूनं धरलं, दुसरीनं त्या बाजूनं.

"सुरेखा कोण?" किशोरीताईंनी हळूच विचारलं.

अमीरुन्निसानं ताट सोडलं. तिनं पहिल्यांदा ताटाच्या काठाकडे बघितलं. ठळक देवनागरी अक्षरं होती, जुळवून वाचायला तिलाही अवघड नव्हती. "वरची," ती म्हणाली. "माझी भैनच समजा."

"आणि रेखा-कृष्णकांत?"

"तिसऱ्या मजल्यावरली."

"तुमची भांडी कुठायत?"

तिनं रॅककडे बोट दाखवलं. तीन मेलामाइनची ताटं. किशोरीताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पुढचं विचारावं की नाही असं त्यांना वाटलं असावं, पण त्या विचारल्याशिवाय राहणाऱ्यातल्या नव्हत्या. "बाकीची?"

"होती. लगीन झालं तवा अब्बांनी दिलेली, दोन डझन. माझं नाव घातलेली." अमीरुन्निसानं नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. "गल्लीतल्या मुनीरच्या मेसला दिली. तो तरी रोज माणसं जेवू घालतो. माझ्याकडं पाहुणेच येत नायत, तर नुसती ताटं ठेवून काय करू?"

"तुमच्या हातचं जेवायला पाहुणे येत नाहीत? मला नाही पटत."

आणि मग अमीरुन्निसाचा बांध फुटला. वर्षभर जे सुरेखालाही सांगितलं नव्हतं, ते या परक्या बाईला, वाहत्या नळाच्या आवाजात, भांड्याकडे बघत तिनं सांगून टाकलं. "गेल्या ईदला माझ्याकडं शिरकुर्म्याला दूध नव्हतं ताई. माणसं तर येणार. सगळी इमारत येते. मी सकाळीच दाराला कुलूप लावलं नि नवऱ्याला नि पोरीला घेऊन मत्र्याला समुद्राकाठी कॉर्निशवर जाऊन बसली. अंधार पडेपर्यंत. ईदच्या दिवशी! माझ्या दाराला कुलूप! लोक येऊन परत गेले असतील. त्याची शरम अजून जात नाय." ओढणीचं टोक तोंडात धरून ती उभी राहिली.

किशोरीताईंच्या गालांवरून पाणी घळघळ वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या, कारण हात साबणात होते. "मग आज कशाला केलंत एवढं? आम्ही काय बघायला येणार ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"गरीब मी हाय ना ताई," अमीरुन्निसा म्हणाली. "तुमी कशाला गरिबागत जेवायचं?"

बाहेर जयप्रकाश सांदण संपवत होते. दोघी आल्या तसं त्यांनी घसा खाकरला, आणि त्यांचा चेहराच सांगत होता की हे बोलणं त्यांना जड जातंय. "वहिनी, खोटं कशाला बोलू? असं जेवण मी कित्येक वर्षांत जेवलो नाही. तुमचं घर बघून समाधान वाटलं. पण निधी लहान आहे, अर्ज पुष्कळ. आमचे काही निकष आहेत, त्यात तुमचं घर..." त्यांनी कागदाकडे बघितलं. "देवाच्या कृपेनं तुम्हाला काही कमी नाही."

सादिकनं मान खाली घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत आता लेकीची शाळा चालली होती.

"थांबा जयप्रकाश," किशोरीताई म्हणाल्या. "मला एक विचारायचंय. तुमच्या कागदावर तो प्रश्न नाहीये. या घरी याआधी पाहुणे कधी जेवले?"

अमीरुन्निसानं चमकून त्यांच्याकडे बघितलं. सांगू नका, अशी तिची नजर होती, आणि किशोरीताईंनी ती ओळखली.

"जेवतात की," सादिक गडबडीनं म्हणाला. "येणंजाणं चालूच असतंय."

"अब्बा, नो." हिबा आतल्या खोलीच्या दारात उभी होती. पोरीला मराठी शब्द सापडत नव्हते. "कुणी येत नाही. लास्ट ईदला आम्ही लॉक लावून गेलो. कॉर्निशवर. अम्मी बोलली पिकनिक. अब्बा पण बोलला पिकनिक. मग मी पण बोलली, वाव, पिकनिक." ती आईकडे बघत होती. "पण जून होता, अम्मी. बाकावर बसवत नव्हतं इतकं गरम होतं. मस्कतमध्ये जूनमध्ये पिकनिकला कोण जातं?"

अमीरुन्निसानं पोरीला ओढून पोटाशी धरलं. म्हणजे हिला ठाऊक होतं! सादिकच्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्यालाही ठाऊक होतं. तिघंही एकमेकांसाठी त्या तापलेल्या बाकावर हसत बसली होती. तिला रडूही आलं आणि त्या दोघांवर इतकी माया दाटून आली की पाहुणे बसलेत हेही ती विसरली.

जयप्रकाशांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "हे बघा," ते शेवटी म्हणाले, "हे मार्क मीच बसवलेत. पुण्यात एका संस्थेत वापरायचो, तेच इथं आणले. तिकडे ज्याच्या घरी एसी तो खाऊनपिऊन सुखी. इथं..." त्यांनी त्या दोन टनांच्या खोक्याकडे बघितलं. खोक्याची एक बाजू पांढरी होती, दुसरी पिवळट, आणि मधे एक पट्टी तारेनं बांधलेली. मघापासून त्याच्यासमोर बसून त्यांना ते दिसलं नव्हतं. "इथं एसी म्हणजे डोक्यावरचं छप्पर. मी छपराचे मार्क कापतोय की काय?"

"आणि पाहुण्याचे मार्क?" किशोरीताईंनी विचारलं.

"ते कसे घालायचे मला कळत नाही. पण घालायला लागतील." त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला. "मी एकटा ठरवू शकत नाही, कमिटी आहे. पण कमिटीत भांडायला मी कमी पडत नाही, हे किशोरीताई सांगतील." मग जरा घुटमळत म्हणाले, "वहिनी, ती सांदणं उरली असतील तर दोन बांधून द्याल? घरी बायको आहे."

उरली असतील तर! अमीरुन्निसा डोळे पुसत आत पळाली आणि डबाभर घेऊन आली. डबा सुरेखाचा होता, पण त्याची आता कुणाला पर्वा?

निघताना जिन्यात किशोरीताई वळल्या. "येत्या ईदला कुलूप लावलंत तर याद राखा. मी येणार. साताऱ्याकडचं आमचं गाव. गावजेवण असलं की आमच्याकडे ज्यानं त्यानं आपापलं ताट आणि तांब्या घेऊन जायचं. भांडी नाहीत म्हणून यजमानाला कुणी गरीब म्हणत नाही. कळलं? ताट मी आणीन, तुम्ही वाढा."

पुढचे काही दिवस अमीरुन्निसाचा जीव फोनमध्ये होता. फोन वाजला की हातातलं लाटणं खाली पडायचं. एका संध्याकाळी किशोरीताईंचा फोन आला. कमिटीत दोन तास रणकंदन झालं, जयप्रकाशांचा आवाज बसला, आणि हिबाची दहावीपर्यंतची फी मंजूर झाली. अमीरुन्निसा फोन धरूनच जमिनीवर बसली. त्या रात्री ती गाढ झोपली. सादिकनं गालाच्या खोलीतल्या खाटेला नाही म्हणून सांगितलं.

आणि ईद आली. अर्बाबचा बुकरा अजून उजाडला नव्हता, पण दूध होतं. शेवया होत्या. खजूर, चारोळी थोडी थोडी होती. नमाज झाली तशी अमीरुन्निसानं दार सताड उघडलं, आणि आत येऊन बसली तर मनात शंका आली. गेल्या ईदला परत गेलेली माणसं यंदा कशाला येतील? हिबा जिन्यात डोकावून आली. कुणी नव्हतं.

मग वरून चपला फटफटल्या. सुरेखा आली, काखेत ताट. तिच्यामागून कृष्णकांत आणि रेखा, हातात आपलेच ते लग्नातले पेले. किशोरीताईंनी सुट्टीला जायचं पुण्याचं तिकीट मुद्दाम ईदनंतरचं काढलं होतं. त्या ताट-तांब्यासकट आल्या. आणि जयप्रकाश आले ते बायकोला घेऊन, आणि सुरेखाचा डबा परत द्यायला. रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात बाकरवडी भरलेली. जिन्यात ताटांचा नुसता खणखणाट! शिंपी खालून वर बघायला आला आणि त्यालाही कुणीतरी ताट आणायला पिटाळलं. अमीरुन्निसा वाढत होती, रागावत होती, "हे काय, पाखरागत खाताव!" म्हणत होती, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की सादिक भिंतीला टेकून नुसता तिच्याकडेच बघत बसला.

दुपार कलल्यावर मेसवाला मुनीर आला. महाडचा अबोल माणूस. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताट त्यानं पुढं केलं. "भाभी, ताट घेऊन यायचं बोलले, म्हणून आणलं. मेसमधलं हाय."

तिनं कागद सोडवला. स्टीलचं ताट, जड, काठाला उर्दूत कोरलेलं नाव. अमीरुन्निसा. अब्बांनी रत्नागिरीच्या बाजारात उभं राहून घातलेलं. तिनं अंगठा एकदा त्या नावावरून फिरवला आणि त्यातच त्याला वाढलं. मुनीर पोटभर जेवला.

तो निघाला तेव्हा तिनं ताट घासून, पुसून, कागदात गुंडाळून त्याच्यापुढे धरलं. मुनीर तोवर चपला घालून दोन पायऱ्या उतरला होता.

"राहू द्या भाभी," मागं न बघता तो म्हणाला. "बकरी ईदला परत यायचं हाय. किती वेळा वाहून आणू?"

ती ताट छातीशी धरून दारात उभी राहिली. मग आत जाऊन तिनं ते रॅकवर, मेलामाइनच्या ताटांशेजारी लावलं. बाहेर हिबा दार ओढून घेत होती.

"राहू दे उघडं," अमीरुन्निसानं आतूनच हाक मारली.

"अगो, सगळा गारवा बाहेर चाललाय!" सादिक ओरडला.

"जाऊ दे. दोन टनाचा हाय ना?"